कडक लोखंडाला भोक पाडताना: आधी वेग उतरवा, मग ड्रिल बदला

उसाचा गळीत हंगाम संपला की सोलापूर जिल्ह्यातल्या वर्कशॉपांत ठरावीक कामं यायला लागतात. ट्रॉलीच्या पाट्याला (स्प्रिंगच्या पट्टीला) नवं भोक, रोटाव्हेटरच्या पात्याचं भोक मोठं करून द्या, कारखान्याच्या कपलिंगमध्ये तुटून बसलेला अॅलन बोल्ट, खडी क्रशरची जबडाप्लेट. तक्रार सगळ्यांची एकच: ‘ड्रिल लागंना, लई कडक माल हाय.’ मग कुणीतरी दुकानातून सोनेरी रंगाचा महागडा ड्रिल आणतं. तो दोन मिनिटांत निळा पडतो आणि शिव्या दुकानदाराला बसतात.

माझं मत असं की यातले निम्म्याहून जास्त ड्रिल मशीनच्या जादा वेगामुळे जळतात. मालाचा कडकपणा हे दुसरं कारण. म्हणून हा लेख ड्रिलच्या प्रकारांपासून सुरू होत नाही. आधी माल ओळखायचा, मग फेऱ्या ठरवायच्या, आणि त्या फेऱ्या आपल्या मशीनवर मिळतात का ते पाहून ड्रिल विकत घ्यायचा. हा क्रम उलटा केला की पैसे जातात.

पहिली पायरी: माल किती कडक आहे?

कडकपणा मोजायचं माप म्हणजे रॉकवेल सी, आपल्याकडे बोलताना एचआरसी. मोजायचं मशीन प्रत्येकाकडे नसतं. पण चांगली नवी कानस असते, तिच्यावर बरंच कळतं. मालाच्या कोपऱ्यावर कानस नेहमीच्या जोरानं एकदा पुढे मारा. सहज खात असेल तर माल साधारण ३५ च्या आत, म्हणजे साधा एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) ड्रिल चालेल. जोर लावल्यावर जेमतेम ओरखडा उठत असेल तर ४० ते ५० च्या पट्ट्यात. कानस काचेवरून घसरल्यासारखी सरकून गेली तर ६० च्या आसपास, तिथे साधं ड्रिलिंग विसरा. जुन्या, बोथट कानशीनं ही परीक्षा घेऊ नका, सगळंच कडक वाटेल.

सोलापुरात नेहमी हाताशी येणारा माल या हिशेबात बसवून बघा. पॉवरलूमच्या फ्रेम आणि बाजू बिडाच्या असतात. बीड आतून फारसं कडक नाही, पण ओतीव कामाच्या वरच्या कातडीत वाळूचे कण अडकलेले असतात आणि पातळ कडा कधी कधी ओततानाच झटकन थंड होऊन कडक झालेल्या असतात. त्यामुळे ड्रिलचे बाहेरचे कोपरे पहिल्या दोन मिलिमीटरमध्येच झिजतात. कातडी आधी ग्राइंडरनं किंवा छिन्नीनं काढली की खाली माल लोण्यासारखा. शहरात बनणारे चिल्ड कास्ट आयर्नचे कॅमशाफ्ट हा याच गुणाचा मुद्दाम केलेला उपयोग आहे. कॅमचे लोब ओततानाच झटकन थंड करून कडक केलेले असतात, बाकीचा भाग मशीनिंग होण्याइतका मऊ राहतो. भंगारातून आलेल्या कॅमशाफ्टच्या लोबमध्ये कुणी एचएसएस ड्रिल घालत असेल तर त्याला थांबवा.

ट्रॉली आणि ट्रकचा पाटा तयार अवस्थेत साधारण ४२ ते ४८ एचआरसी असतो. रोटाव्हेटरची पाती बोरॉन स्टीलची, तीही साधारण याच घरात. शाफ्टसाठी येणारं ईएन-८ (मध्यम कार्बनचं स्टील) नॉर्मल अवस्थेत मऊच असतं. ईएन-२४ (मिश्र स्टील) मात्र बहुतेक वेळा आधीच हार्डन-टेंपर करून, म्हणजे तापवून-विझवून कडक करून येतं, ३० च्या आसपास. बेअरिंगची रेस ६० च्या वर.

बोल्ट असेल तर कानशीची गरजच नाही, डोक्यावर आकडा असतो. ८.८ म्हणजे २२ ते ३२ एचआरसी, १०.९ म्हणजे ३२ ते ३९, आणि १२.९ म्हणजे ३९ ते ४४. आपल्याकडचे काळे अॅलन बोल्ट बहुतेक १२.९ चे. डोकं तुटून पडलं असेल तर ते आधी शोधा, कामाची माहिती त्याच्यावर आहे.

दोन माल मात्र कानशीला फसवतात. स्टेनलेस ३०४ आणि मँगनीज स्टील, म्हणजे क्रशरच्या जबड्यातलं ११ ते १४ टक्के मँगनीजवालं. दोन्ही सुरुवातीला मऊ लागतात, पण घासलं की घासलेला थर तिथल्या तिथे कडक होतो. दोन्हींना लोहचुंबक जवळजवळ लागत नाही, ही ओळखायची खूण. इथे ड्रिल एका जागी घासत राहिला की संपलं, पुढचा ड्रिल त्या चकाकत्या थरावर नुसता फिरेल.

आणखी एक जागा लोक विसरतात. गॅस कटरनं कापलेली कड किंवा वेल्डिंगच्या शेजारचा पट्टा. ईएन-८ च्या प्लेटला गॅसनं भोक पाडून मग ड्रिलनं साफ करायला गेलात तर ड्रिल त्या कडक झालेल्या सालीतच फिरतो. ती साल आधी ग्राइंडरनं काढा, नाहीतर सुरुवातीपासूनच ड्रिलनं भोक पाडा.

दुसरी पायरी: फेऱ्या काढा

सूत्र सोपं आहे. मिनिटाच्या फेऱ्या म्हणजे ३१८ गुणिले कटिंग स्पीड, भागिले ड्रिलचा व्यास मिलिमीटरमध्ये. कटिंग स्पीड म्हणजे ड्रिलची बाहेरची धार मिनिटाला किती मीटर कापत जाते ते. सरळ १० मिमी ड्रिलचा हिशेब घेऊ:

साधं एमएस (माइल्ड स्टील), एचएसएस ड्रिल: २५ ते ३० मीटर, म्हणजे ८०० ते ९५० फेऱ्या.
ईएन-८, नॉर्मल: १८ ते २२ मीटर, म्हणजे ५७० ते ७०० फेऱ्या.
स्टेनलेस ३०४ किंवा टेंपर केलेलं ईएन-२४: १० ते १२ मीटर, म्हणजे ३२० ते ३८० फेऱ्या.
पाटा, रोटाव्हेटर पातं, १२.९ चा बोल्ट, कोबाल्ट ड्रिलनं: ४ ते ६ मीटर, म्हणजे १३० ते १९० फेऱ्या.
मँगनीज स्टील, कोबाल्ट ड्रिलनं: ३ ते ४ मीटर, म्हणजे १०० ते १३० फेऱ्या.

५ मिमी ड्रिलला या फेऱ्या दुप्पट करा, २० मिमीला निम्म्या.

आता आपल्या मशीनकडे बघा. हातातलं १० मिमीचं ड्रिल मशीन रिकामं असताना दोन-अडीच हजार फेऱ्या मारतं. बेल्टवालं लहान बेंच ड्रिल सर्वात खालच्या पुलीवरही ४००-५०० च्या खाली सहसा येत नाही. म्हणजे पाट्याला लागणाऱ्या वेगाच्या तिप्पट. अशा मशीनवर कुठल्याही कंपनीचा कोबाल्ट ड्रिल लावा, तो जळणारच.

‘इतक्या कमी फेऱ्यांवर दिवस जाईल की राव,’ असं हमखास ऐकायला मिळतं. हिशेब करून बघा. १६० फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला ०.१ मिमी खाली, म्हणजे मिनिटाला १६ मिमी. १० मिमी जाड पाटा टोकाच्या लांबीसकट मिनिटाच्या आत पार होतो. ९०० फेऱ्यांवर तीन ड्रिल जाळून आणि दर खेपेला धार लावून जो अर्धा तास जातो, तो कुणी मोजत नाही.

फेऱ्या उतरवायचे तीन रस्ते आहेत. पहिला, मधली पुली. मोटार १४४० फेऱ्यांची, तिच्यावर २ इंची पुली आणि समोर ८ इंची, तर ३६० फेऱ्या. मध्ये एक जादा शाफ्ट घालून आणखी अडीचपट उतरवल्या की १४४. खर्च पुली, बेअरिंग आणि बेल्टचा, तो चार कोबाल्ट ड्रिलच्या किमतीत भागू शकतो. दुसरा, व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण. तीन फेज मोटार असेल तर सोयीचं, पण फार खाली नेलं की मोटारीचा पंखाही हळू फिरतो आणि मोटार तापते. जोर मिळवायचा तर पुलीच बरी. तिसरा रस्ता सर्वात स्वस्त आणि आपल्याकडे गल्लोगल्ली उपलब्ध आहे: लेथ. बॅक गिअर लावला की लेथ शंभराच्याही खाली येतो. ड्रिल चकमध्ये धरा, जॉब (भोक पाडायचा माल) कॅरेजवर घट्ट बांधा आणि कॅरेज पुढे सरकवा. मोठं भोक असेल तर अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत रेडियल ड्रिलवाल्याकडे जॉब टाका. तिथे गिअरमधून कमी वेग मिळतो आणि मशीन थरथरत नाही.

तिसरी पायरी: आता ड्रिल घ्या

साधा एचएसएस, ज्याला एम-२ म्हणतात, साधारण ३० ते ३५ एचआरसीपर्यंतच्या मालाला पुरतो. त्यात टंगस्टन साधारण ६ टक्के आणि मॉलिब्डेनम ५ टक्के असतं. लाल होईस्तोवर तापला तरी त्याची धार बऱ्यापैकी टिकते, म्हणून नावात हाय स्पीड. ८.८ चा बोल्ट, ईएन-८, बीड हे सगळं याच्यावर होतं. यापुढे उगाच खर्च करू नका.

त्यावर कोबाल्ट. एम-३५ मध्ये ५ टक्के कोबाल्ट, एम-४२ मध्ये ८ टक्के. कोबाल्ट धातूत मिसळलेला असतो, वरून लावलेला नसतो, म्हणून कितीही वेळा धार लावली तरी गुण जात नाही. ४० ते ४५ एचआरसीपर्यंत, पाटा आणि १२.९ धरून, हाच घ्यावा. दांड्यावर एचएसएस-को ५, एचएसएस-ई किंवा एम-३५ असं कोरलेलं असतं, ते वाचूनच पैसे द्या. एम-४२ जास्त कडक पण थोडा ठिसूळ, हातातल्या मशीनवर कोपरा उडतो. माझ्या हिशेबानं लहान वर्कशॉपला एम-३५ पुरेसा.

सोनेरी रंग म्हणजे टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा. तो घर्षण कमी करतो, काम करतो, खोटा नाही. पण एकदा टोकाला धार लावली की टोकावरचा मुलामा गेला, राहिला आतला धातू. आतला धातू साधा एचएसएस असेल तर सोनेरी ड्रिल कोबाल्टच्या कामाला लावणं चूक. आणि पेटीत वीस ड्रिल शंभर-दीडशे रुपयांत मिळत असतील तर तो रंग बघण्यापुरताच आहे.

सॉलिड कार्बाइड ४५ च्या वर. वेगही वेगळा, ४५ एचआरसीला साधारण २० ते २५ मीटर, म्हणजे १० मिमीला ६५० ते ८०० फेऱ्या. पण तो वाकत नाही, तुटतो. चकमध्ये ड्रिल दोन शतांश मिलिमीटरहून जास्त डुलत असेल, किंवा जॉब हलत असेल, तर पहिल्याच भोकात तुकडे. हातातल्या मशीनवर कार्बाइड लावू नका. मिलिंग मशीन किंवा घट्ट पिलर ड्रिल असेल तरच.

भिंतीच्या ड्रिलचं टोक कार्बाइडचं असतं. हिऱ्याच्या चकतीवर त्याला धारदार कोन दिला तर कडक पाट्यात एखादं भोक निघतं, हा जुगाड खरा आहे. पण टोक ब्रेझिंगनं चिकटवलेलं असतं. फार तापलं की निसटतं आणि भोकातच राहतं. अडल्या वेळेपुरतं ठीक.

लांबीकडेही बघा. नेहमीचा जॉबर लांबीचा ड्रिल कडक मालावर वाकतो आणि सरकतो. भोक उथळ असेल तर आखूड, स्टब लांबीचा घ्या. तुटलेल्या जॉबर ड्रिलचा उरलेला भाग पुन्हा धार लावून ठेवला तर तोच तुमचा स्टब.

चौथी पायरी: टोक आणि धार

नेहमीच्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश. कडक मालाला आणि स्टेनलेसला १३५ अंश, म्हणजे टोक चपटं. सोबत स्प्लिट पॉइंट असावा. टोकाच्या मधोमध जी आडवी रेघ असते ती कापत नाही, माल नुसता दाबते. हातानं जो जोर लावावा लागतो तो बहुतांशी तिच्याचसाठी. स्प्लिट पॉइंटमध्ये ती रेघ घासून जवळजवळ बिंदू केलेली असते. कडक मालात हा फरक हाताला लगेच जाणवतो, ड्रिल सरकतही नाही.

धार स्वतः लावणार असाल तर तीन गोष्टी तपासा. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या, दोन्हींचा कोन सारखा, आणि धारेच्या मागचा भाग धारेपेक्षा खाली. एक धार लांब राहिली की भोक ड्रिलपेक्षा मोठं होतं आणि सगळं काम एकच धार करते, ती आधी जळते. मागची उतार कडक मालासाठी ७ ते ९ अंश पुरे. १२ च्या वर गेलात तर कोपरा नाजूक होतो. ११८ चा कोन बघायला दोन षटकोनी नट कडेला कड लावून धरा, मधली खाच १२० अंशांची होते. ड्रिलचं टोक त्यात बसवून उजेडासमोर बघा. १३५ साठी पत्र्याचं टेम्प्लेट कापून ठेवा.

चाकही योग्य हवं. एचएसएस आणि कोबाल्टला पांढरं किंवा करडं अॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक, कार्बाइडला हिरवं किंवा हिऱ्याचं. ड्रिल तापला की पाण्यात बुडवायची सवय आपल्याकडे फार आहे. हलका कोमट असताना चालेल, पण निळा होईपर्यंत तापवून बुडवलात तर धारेत डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि पुढच्या भोकात कोपरा उडतो. थोडं घासा, थांबा, हवेत थंड होऊ द्या.

पाचवी पायरी: बांधणी, पंच आणि तेल

जॉब व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पनं बांधा, हातात धरू नका. पाटा वाकडा असतो, त्याच्याखाली पट्टी घालून नीट टेकवा. हातमोजे काढा, बाह्या वर करा, ओढणी किंवा उपरणं बाजूला ठेवा, चष्मा लावा. कडक मालाचे कण तापलेले आणि सुईसारखे असतात.

पंच हलक्या हातानं. पाट्यावर जोरात पंच मारला तर पंचाचं टोक जातं. स्टेनलेस आणि मँगनीजवर पंचाची खूणच कडक होते. स्प्लिट पॉइंटला नुसती टिकली पुरते.

१० मिमीपर्यंत स्प्लिट पॉइंटला आधी लहान भोक पाडायची गरज नाही. त्यावर गेलात तर पायलट पाडा, मोठ्या ड्रिलच्या मधल्या जाडीपेक्षा किंचित मोठा, साधारण व्यासाच्या पाव ते तिसऱ्या भागाइतका. २, ४, ६, ८ अशा पायऱ्यांनी वाढवत जाणं कडक मालात घातक आहे. प्रत्येक ड्रिलचे फक्त बाहेरचे कोपरे कापतात आणि तेच उडतात.

तेलाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सोलापूरचं हवामान मध्ये येतं. सोल्युबल ऑइल साध्या कामाला पाण्यात ५ टक्के, स्टेनलेस आणि कडक स्टीलला ८ ते १० टक्के. आधी पाणी, मग त्यात तेल ओतून ढवळायचं. उलट केलं तर नीट मिसळत नाही. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं, त्यात तेल फाटतं, वर चिकट थर येतो आणि मशीनवर गंज दिसू लागतो. नळाचं गोड पाणी किंवा आरओचं पाणी वापरा. एप्रिल-मेच्या उन्हात टाकीतलं पाणी उडतं आणि मागे मिश्रण घट्ट होत जातं. अशा वेळी वरून नुसतं तेल घालू नका, अगदी पातळ मिश्रण घाला. एखाद-दुसरं भोक असेल तर गंधकयुक्त कटिंग ऑइलचे थेंब सर्वात चांगले. घासलेट अॅल्युमिनियमला ठीक, कडक स्टीलला ते वंगण म्हणून फार कमी पडतं. बीड कोरडंच करा, तेल घातलं की भुशाचा चिखल होऊन धार घासते. आणि कार्बाइडवर अधूनमधून तेल शिंपडू नका. तेल सतत सोडत राहा किंवा अजिबात नको, नाहीतर तापण्या-थंड होण्यानं तडकतो.

सहावी पायरी: प्रत्यक्ष भोक

खाली येणारा जोर एकसारखा ठेवा. कडक मालात प्रत्येक फेरीला ०.०८ ते ०.१ मिमी, हे १० मिमी ड्रिलसाठी. एमएसला त्याच्या दुप्पट चालतं. घाबरून हलका हात ठेवणं ही दुसरी मोठी चूक. धार कापायचं सोडून घासते, घासलं की तापतं, तापलं की संपलं. कापायचं असेल तर कापा, नाहीतर ड्रिल वर उचला. मध्येच दम घ्यायला ड्रिल फिरता ठेवून थांबू नका, स्टेनलेस आणि मँगनीजमध्ये तर बिलकूल नाही.

चिप्सकडे बघत राहा. एचएसएस किंवा कोबाल्टनं निघणारी चिप चांदीसारखी किंवा फिकट पिवळसर असेल तर सगळं ठीक. निळी झाली तर फेऱ्या कमी करा किंवा धार तपासा. भुशासारखा बारीक चुरा येऊ लागला, आणि माल बीड नाही, तर ड्रिल घासतोय. किर्र आवाज आला की लगेच वर उचला. भोक व्यासाच्या तिप्पट खोल गेलं की अधूनमधून ड्रिल पूर्ण बाहेर काढून चिप्स झाडा, पण परत आत टेकवताना लगेच जोर द्या.

पार निघायच्या क्षणी जोर कमी करा. टोक बाहेर पडताच ड्रिल माल पकडून ओढतो, कोपरे तिथेच उडतात. मागे एमएसची पट्टी घट्ट क्लॅम्प केली तर हा धक्का बराच कमी होतो.

काही अवघड कामं

पाट्याला मऊ करून भोक पाडायचा सल्ला बरेच जण देतात. भोकाची जागा चेरीसारखी लाल करून राखेत किंवा चुन्यात सावकाश थंड केली की ती मऊ होते आणि साधा एचएसएसही चालतो. पाट्याचा हुक, कोयता, खुरपं किंवा ब्रॅकेट बनवत असाल तर अगदी बरोबर. पण तोच पाटा परत ट्रॉलीखाली भार घेणार असेल तर हे करू नका. मऊ केलेल्या जागी तो वाकेल किंवा तडकेल, आणि नवीन भोक हीच तडा सुरू व्हायची जागा. नवीन पाटा मागवा.

तुटलेला १२.९ चा बोल्ट काढताना वरचं तोंड आधी ग्राइंडरनं सपाट करा. मधोमध टिकली घ्या, एम-३५ चा आखूड ड्रिल, कमी फेऱ्या. उलट्या फेऱ्यांचा डाव्या हाताचा ड्रिल मिळाला तर उत्तम. कित्येकदा बोल्ट भोक पडता पडताच सैल होऊन बाहेर येतो.

कडक मालाला आटे पाडायचे असतील तर भोक थोडं मोठं ठेवा. एम-१० ला तक्त्यात ८.५ मिमी असतं, त्यात साधारण ७७ टक्के आटा मिळतो. ८.७ घेतलं तर दोन तृतीयांश. ताकद बहुतेक कामांना पुरते आणि टॅपवरचा ताण बराच उतरतो.

आणि टॅप तुटलाच तर? टॅप स्वतः एचएसएसचा, ६३ एचआरसीच्या आसपास. त्यात एचएसएस किंवा कोबाल्ट ड्रिल घालणं म्हणजे दगडावर दगड घासणं. लहान असेल तर पंचानं तुकडे करून चिमट्यानं काढायचा प्रयत्न करा. नाही निघाला आणि जॉब महागाचा असेल तर स्पार्क इरोजनवाल्याकडे द्या. त्या मशीनला कडकपणाशी देणंघेणं नसतं, ठिणगीनं टॅपचा मधला गाभा जाळून काढतं आणि उरलेले तुकडे सुटे होतात. बेअरिंगच्या रेसला किंवा हार्डन केलेल्या डायला भोक हवं असेल तरी हाच पत्ता. देताना भोकाचा व्यास, खोली आणि कुठली बाजू मोजमापाची धरायची ते खडूनं जॉबवरच लिहून द्या.